पेन्सबरीचा वाडा



आपल्या मॉरिसव्हिलला लागून, डेलावेअर नदीच्या काठी, इंग्रज उमरावी थाटाचा एक विटांचा वाडा उभा आहे. त्याचे नाव पेन्सबरी मॅनर. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याने १६८३ च्या सुमारास तो बांधावयास घेतला. आपल्या कोकणातील खोताच्या वाड्याप्रमाणे असे घर म्हणजे एक लहानसे संस्थानच असे: स्वतंत्र भटारखाना, बिअरची भट्टी, तबेला, भाजीपाल्याची व औषधी वनस्पतींची बाग. फिलाडेल्फियाहून पेन वल्ह्यांच्या नौकेतून येथे येई.

मात्र या घराचा उपभोग त्याला फार थोडा लाभला. १७०१ मध्ये तो इंग्लंडला गेला, तो परतलाच नाही. छपरावरील शिशाची पाण्याची टाकी गळू लागली आणि त्या ओलीने वाडा खचला, असे सांगतात. लहानशा जखमेकडे दुर्लक्ष झाल्याने रोगी दगावलेला ज्या परिचारिकेने पाहिला आहे, तिला यात नवल वाटणार नाही. आज दिसते ती वास्तू १९३९ मधील आहे. उत्खननातील पाया आणि पेनची पत्रे यांच्या आधारे वास्तुविशारद ब्रॉग्नार्ड ओकी यांनी ती उभारली. तिच्यात कल्पनेचा भाग किती, हा वाद तज्ज्ञांनी तेव्हाच घातला होता.

आपण विचार करावा अशी गोष्ट पुढेच आहे. पेनने १७०१ मध्ये दिलेल्या सनदेने एकच ईश्वर मानणाऱ्या सर्वांना उपासनेचे अभय दिले. यहुदीही त्यात आले. राज्यकारभारातील पदे मात्र ख्रिस्ती लोकांपुरतीच राहिली. या सनदेच्या पन्नाशीनिमित्त फिलाडेल्फियाची प्रसिद्ध घंटा मागविली गेली, असे मानतात. तिच्यावर योबेल वर्षी देशभर मुक्तता पुकारण्याचे वायिक्रातील वचन कोरले आहे. आणि ज्याने ही सनद दिली, त्याच्याच पेन्सबरीत गुलाम राबत होते! चाकर मुदत संपताच निघून जातात, गुलाम जन्मभर राहतो, म्हणून तोच बरा, असे पेनने १६८५ मध्ये आपल्या कारभाऱ्यास कळविले होते. १७०१ च्या मृत्युपत्रात त्याने त्यांना मुक्त केले, परंतु अखेरच्या मृत्युपत्रात तो शब्द उरला नाही.

आता हे संग्रहालय पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मालकीचे आहे. सुमारे ४३ एकरांच्या या जागेत जुन्या पद्धतीने चुलीवर रांधून दाखवितात, शाळांच्या सहली येतात. नातवंडांना न्याल तेव्हा दिवाणखान्यापेक्षा भटारखान्यात अधिक वेळ थांबा, आणि तेथे कोण राबत असे, हे मार्गदर्शकास अवश्य विचारा.