रोगप्रतिकारशक्तीचा लगाम आणि मायक्रोआरएनए

वैद्यकशास्त्राचे २०२४चे नोबेल मायक्रोआरएनएच्या शोधाला, तर २०२५चे नियामक टी-पेशींवरील संशोधनाला मिळाले. वरवर दूरचे वाटणारे हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत.

आपलेच रक्षक शरीरावर उलटले की टाइप-१ मधुमेहासारखे स्वयंप्रतिकार विकार जडतात. त्या रक्षकांना आवरणाऱ्या नियामक पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. फॉक्सपी-३ या जनुकावर त्यांचे अस्तित्व अवलंबून असते. पण तेवढ्याने भागत नाही.

मायक्रोआरएनए जेमतेम २२ अक्षरांचा. त्यापासून प्रथिन बनत नाही. उलट तो संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मितीच रोखतो. तो घडवणारे ‘डायसर’ हे विकर उंदरांच्या केवळ नियामक पेशींतून काढल्यावर काय झाले, ते २००८ मध्ये समोर आले. त्या पेशींचा वचक संपला आणि उंदीर तीव्र स्वयंप्रतिकार विकाराने दगावले.

यांतला मायक्रोआरएनए-१५५ तर मोठा दुटप्पी! नियामक पेशींची संख्या तोच टिकवतो आणि दाह भडकवणाऱ्या पेशींनाही तोच बळ देतो. त्यामुळे औषधाने तो दाबायचा, तर नेमका कोणत्या पेशीत, हा पेच उरतोच.