परवाना सोपा झाला, मोजमाप जड झाले

वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील, नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. अशा बाजारगावांत व्यापारी कुटुंबाचे घर आणि दुकान बहुधा एकाच छताखाली नांदते. पुढे गाळा, मागे कोठार आणि माडीवर संसार. मुले मोठी झाली, भावांच्या वाटण्या झाल्या, की वास्तू वाढवावी लागते. म्हणून घरबांधणीचा कायदा हा आपल्या समाजासाठी केवळ शहरातील बिल्डरांचा विषय नाही. गेल्या काही वर्षांत हा कायदा मुळापासून बदलला आहे, आणि त्या बदलाचा अर्थ प्रत्येक कुटुंबाने समजून घेतला पाहिजे.

ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ मुळे गावातील बांधकामावर पंचायतीचे नियंत्रण आले. पुढे १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती व्यापारासाठी, कोणती शेतीसाठी, हे योजनेने ठरू लागले. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि जमीनवापराचे नियमन हे विषय नगरसंस्थांसाठी नोंदविले. मात्र हे अधिकार प्रत्यक्षात किती द्यायचे, याचा निर्णय राज्याच्या विधिमंडळावर सोपविला. किल्ली अशा रीतीने राज्याच्या हाती राहिली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ती किल्ली फिरविली. बृहन्मुंबई आणि इतर काही अपवाद वगळता, नगरपालिका, महानगरपालिका आणि प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रांसाठी एकच एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. पूर्वी गावागणिक सामासिक अंतर वेगळे, उंची वेगळी, चटईक्षेत्र वेगळे, अशी स्थिती होती. आता मोजपट्टी एक झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने त्यापुढचे पाऊल जाहीर केले. सुमारे १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर बांधकाम करणाऱ्याने मालकीची कागदपत्रे, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीकडे सादर करून शुल्क भरावे, वेगळ्या परवानगीसाठी थांबू नये. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायतीने शुल्क भरल्यावर दहा दिवसांत परवानगी द्यावी. त्याहून मोठे काम असेल तरच नगररचना विभागाची छाननी. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणानेही २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे लक्ष्य ठेवले आहे. घर लवकर उभे राहावे, हाच या सर्वांचा रोख आहे.

ही दिशा केवळ आपली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून, एका कुटुंबासाठी राखलेल्या भूखंडांवर अधिक घरे बांधण्याची वाट मोकळी केली, आणि तेथील अनेक नगरांनी आपला अधिकार गेल्याची तक्रार केली. वाद दोन्हीकडे सारखाच. घराची निकड मोठी, की गावाचा शब्द मोठा?

या प्रश्नाला दोन्ही बाजू आहेत. परवान्यासाठी तालुक्याला खेटे घालणे, महिनोन्‌महिने काम अडणे, आणि अडलेल्याने ‘वजन’ ठेवून वाट काढणे, यांतून सामान्य माणूस सुटत असेल तर ते स्वागतार्ह आहे. पण पंचायतीची नजरही निरर्थक नव्हती. सांडपाणी कोणत्या उताराने वाहते, पोळ्याच्या दिवशी बैल कोणत्या रस्त्याने जातात, कोणाच्या भिंतीमुळे शेजाऱ्याच्या विहिरीचा मार्ग अडेल, हे मुंबईत ठरलेल्या नियमावलीला ठाऊक असू शकत नाही. ते गावाला ठाऊक असते. सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण हटविण्याचा अधिकार कलम ५३ प्रमाणे पंचायतीकडे आहे. परंतु भिंत उठण्यापूर्वी थांबविणे आणि उठल्यावर पाडणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या मार्गाने वैर जन्मते, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालते.

म्हणून पूर्वी जो भार कचेरीवर होता, तो आता मालकावर आणि अभियंत्यावर आला आहे. आपण दिलेले मोजमापच आता प्रमाण मानले जाते. येथे जैन गृहस्थाला आपल्या घरचीच शिकवण आठवावी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना राज्याच्या नियमांचे उल्लंघन आणि खोटी मापे, हे दोन्ही दोष मोजले आहेत. तराजूची दांडी सरळ ठेवणारा व्यापारी नकाशात गल्लीचे दोन फूट आपले म्हणून दाखवीत असेल, तर तो त्याच दोषाचा धनी होतो. त्याच अध्यायात परिग्रहाच्या मर्यादांची यादी क्षेत्र आणि वास्तू यांपासून सुरू होते, हेही लक्षात घ्यावे. जमीन आणि घर यांची मर्यादा आधी, सोने-चांदी त्यानंतर.

व्यवहारात काही गोष्टी पाळाव्यात. आपले गाव वा भूखंड प्रादेशिक योजनेत येतो का, गावठाणात आहे की बाहेर, याची चौकशी जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात लेखी करावी, कारण नियम त्यावरच ठरतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा करआकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल, तर तिच्यावरील हद्द आणि प्रत्यक्षातील भिंत ताडून पाहावी. महामार्गालगत बांधायचे असल्यास नियंत्रण रेषा आधी समजून घ्यावी. आणि परवानगीची सक्ती नसली, तरी पाया खोदण्यापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांना नकाशा दाखवावा. त्याला शुल्क पडत नाही.

गावाचा शब्द कायद्याने कमी झाला असेल, पण ग्रामसभा आहे. सांडपाण्याची वाट, मोकळी जागा, अग्निशामक वाहन शिरण्याएवढा रस्ता, यांचा ठराव तेथे मांडता येतो. बाजारपेठेतील कुटुंबे ग्रामसभेला बहुधा दुकान सोडून जात नाहीत, ही सवय आता मोडावी लागेल. कचेरीने राखलेला संयम यापुढे गृहस्थाने स्वतः राखायचा आहे. आपल्या परंपरेत त्याला व्रत म्हणतात, आणि व्रताला तपासनीस लागत नाही.