बांधावरची मारामारी आणि फौजदारी कलमे

ऊस विकास खात्याने मारामारीवर लेख कशाला लिहायचा, असे काही सभासद बंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण बेणे, खत आणि तोडीच्या नोंदीसाठी आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा भांडणेही आमच्या डोळ्यांदेखत होतात आणि पुढे साक्षीदार म्हणून आमचीच नावे लिहिली जातात. कोर्टाच्या पायरीवर बसून वकील मंडळींकडून जे समजून घेतले, ते इथे मांडत आहोत.

मागच्या हंगामातली गोष्ट. पाचगणीच्या पायथ्याला, पसरणी घाटाखालच्या एका गावात दोन चुलतभावांची जमीन लागून आहे. थोरल्याला तोड मिळाली, टोळी आली, ट्रॅक्टर बांधाशी उभा राहिला. धाकट्याने वाटेवर दगड टाकले होते.

"दादा, हितनं गाडी जायाची न्हाय."

"आरं, आज्ज्यापासनं वाट हाय ही. ऊस वाळाय लागलाय माझा."

शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने खोऱ्याचा दांडा थोरल्याच्या खांद्यावर हाणला आणि दुसऱ्यांदा उगारला. थोरल्याच्या हातात कोयता होता. त्याने तो चालवला, धाकट्याच्या दंडाला लागला, खोरे खाली पडले. धाकटा वळून विहिरीकडे पळाला. इथे थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. थोरला मागे धावला आणि विहिरीपाशी गाठून मनगटावर आणखी एक वार केला. हाड मोडले.

आता थोरला प्रत्येकाला एकच विचारतो, "आधी त्यानं मारलं, मग गुन्हा माझा कसा?"

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या घटनांना जुनीच कलमे लागतात. त्यामुळे गावात ३२३, ३२४, ३२६ हे आकडे तोंडपाठ असले तरी नव्या कागदावर ते दिसणार नाहीत. साधी दुखापत आता कलम ११५ मध्ये आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. पोलीस तिची अदखलपात्र नोंद घेतात. तीच दुखापत कापण्या-भोसकण्याच्या हत्याराने झाली की कलम ११८ आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा. दुखापत गंभीर असेल तर कलम ११७, सात वर्षांपर्यंत. आणि गंभीर दुखापत हत्याराने केली असेल तर कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त जन्मठेप.

'गंभीर' कशाला म्हणायचे हे डॉक्टरच्या किंवा फौजदाराच्या मर्जीवर नाही, कायद्यात यादी आहे. डोळा किंवा कान कायमचा निकामी होणे, चेहरा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे, पंधरा दिवस असह्य वेदना किंवा रोजचे काम करता न येणे, वगैरे. पूर्वी हे वीस दिवस होते. म्हणजे एक्स-रेमध्ये हाडाची चीर दिसली की कलम बदलले. दात पडला तरी बदलले.

आपल्या धंद्यात खरी गोम हत्याराची आहे. शहरातला माणूस सुरा घेऊन निघाला तर त्याच्या मनात काय होते हे उघड असते. आपल्या माणसाच्या हातात कोयता असतो तो वाढे छाटायला. पण कायदा हत्यार कशासाठी आणले होते एवढेच पाहत नाही, ते वापरले कसे हे पाहतो. त्या थोरल्याने नुसती बुक्की मारली असती तर मामला ११५ वर राहिला असता.

मग स्वतःचा बचाव करायचा की नाही? जरूर करायचा. संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो हक्कच दिला आहे, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीरासाठी, तसेच मालमत्तेसाठी. पंजाबात शेतजमिनीच्या वादात बापाच्या डोक्यावर गंडाशाचा घाव बसताना मुलाने बंदूक चालवली आणि समोरचा मेला. हायकोर्टाने शिक्षा दिली, पण दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्याला सोडले. घाव अंगावर येत असताना माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून प्रतिकार करावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत.

पण हा हक्क धोका असेपर्यंतच असतो. धाकट्याने दुसऱ्यांदा दांडा उगारला तेव्हा थोरल्याला तो होता. पहिल्या वाराबद्दल वकील भांडू शकतो. खोरे पडले, धाकटा पळाला, तिथे हक्क संपला. विहिरीपर्यंतचे वीस-पंचवीस पावलांचे अंतर म्हणजेच त्याचा सगळा खटला आहे. शिवाय पोलिसांकडे किंवा तहसीलदारांकडे जायला वेळ होता अशा ठिकाणी हा हक्क मिळत नाही, हेही कलम ३७ मध्ये स्पष्ट आहे. आणि बचावात मारले हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते.

याच घाटाच्या वर, पाचगणीला, १९४४ च्या जुलैत घडलेली हकीकत जुनी माणसे सांगतात. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी तिथे विश्रांतीला होते. पुण्याहून आलेल्या तरुणांनी त्यांच्याविरुद्ध निदर्शने केली, त्यांत नथुराम गोडसे होता, तो जंबिया घेऊन धावला आणि आपण त्याला पकडून हत्यार काढून घेतले, असे भिलारचे भिलारे गुरुजी २०१७ साली वारेपर्यंत सांगत. जंबिया होता की नुसती निदर्शने होती, यावर वाद आजही आहे. गांधीजींनी फिर्याद दिली नाही, खटला झाला नाही, आणि साठच्या दशकात कपूर आयोग बसला तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या आठवणींवर भिस्त ठेवावी लागली. आम्हाला त्या वादात शिरायचे नाही. पण गुरुजींची हकीकत कायद्याच्या नजरेने पाहा. हत्यार उगारून धावणे हा स्पर्श न होताही हल्लाच, आणि नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे. आवरणाऱ्याने हत्यार काढून घेतले आणि त्या हत्याराचा एकही वार केला नाही. दुसऱ्याच्या बचावाचा हक्क म्हणतात तो हाच.

घटनेनंतरच्या चार-सहा तासांत पुष्कळ खटले बिघडतात. मार खाल्लेला माणूस घरी हळद लावून झोपतो आणि तिसऱ्या दिवशी भावकी उठवते तेव्हा ठाण्यात जातो. आपल्याला लागले असेल तर लगेच सरकारी दवाखान्यात तपासणी करून नोंद घ्यावी, आपण आरोपी असलो तरीसुद्धा. आपल्या अंगावरची जखम हाच बचावाचा पहिला पुरावा. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. दखलपात्र गुन्ह्याच्या फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा.

एक वाईट खोड मात्र सांगितलीच पाहिजे. भांडण दोघांचे आणि फिर्यादीत नावे सात! म्हातारी आई, पुण्याला नोकरीला असलेला भाऊ, सगळेच 'काठ्या-कुऱ्हाडी घेऊन' आलेले. पाच किंवा जास्त माणसांचा जमाव म्हटले की कलमे वाढतात, हे गावातल्या पुढाऱ्यांना ठाऊक असते. साक्षीत ही खोटी नावे गळतात आणि जाताना खरी फिर्यादही दुबळी करून जातात. ज्याचे नाव असे गोवले गेले त्याने आपण कुठे होतो याचा कागद शोधावा. त्या वेळी कारखान्यावर ट्रॉली घेऊन उभा असाल तर काटा पावतीवर तारीख, वेळ आणि गाडी नंबर असतो. आम्ही अशी एक पावती कामी आलेली पाहिली आहे. पावत्या बिल मिळाल्यावर चुलीत घालू नका.

त्या दोघा भावांनी एकमेकांवर फिर्यादी दिल्या आहेत. अशी दोन्ही प्रकरणे एकाच न्यायाधीशापुढे, एकामागून एक चालावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा दंडक आहे. ती चालायला वेळ लागेल. थोरल्याचा ऊस मात्र उभाच होता. शेवटी त्याच्या बायकोने मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज दिला. गाडीवाट किंवा पाट अडवला तर सहा महिन्यांच्या आत हा अर्ज करता येतो. तलाठी आले, जागेची पाहणी झाली, वाट खुली करण्याचा हुकूम निघाला. फौजदारी खटल्याची पहिली तारीख लागायच्या आत ऊस गव्हाणीत पडला होता, वजनात घट आली ती वेगळी.

अर्जाचा नमुना गट कार्यालयात ठेवला आहे. सोबत सातबारा, गटाचा नकाशा आणि वाट कधीपासून अडवली त्याची तारीख लागते.