शकुंतलेचा मुलूख : मॉडेल रेल्वेतील रस्ते आणि देखावा

मॉडेल रेल्वेसाठी इंजिने आणि डबे विकत मिळतात. मुलूख मात्र हाताने घडवावा लागतो. गाडी कोणत्या प्रदेशातून धावते आहे, हे माती, रस्ते आणि पिके सांगतात. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात गाड्यांइतकेच लक्ष सभोवतालच्या रस्त्यांकडे आणि वस्तीकडे दिलेले दिसते. विदर्भातला देखावा उभारायचा, तर यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या ‘शकुंतला’ या आगगाडीइतका समृद्ध विषय दुसरा नाही.

वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या मोठ्या लोहमार्गापर्यंत पोचवण्यासाठी ब्रिटिश भांडवलावर हा अरुंद मार्ग टाकला गेला. दारव्हा, कारंजा अशी गावे जोडत तो सुमारे ११३ किलोमीटर जातो. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन त्यावर १९९४ पर्यंत राबले. आता गाडी बंद आहे; म्हणून तिची प्रतिकृती ही त्या मुलखाची नोंदही ठरते.

पहिला निर्णय प्रमाणाचा. १:८७ हे प्रमाण जगभर रूढ आहे. या मार्गाच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. त्या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते. बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ त्यामुळे जवळजवळ तंतोतंत बसतात. दुसरा निर्णय ऋतूचा. फुटलेला कापूस आणि केशरी पळस एकाच देखाव्यात शोभत नाहीत: कापूस दिवाळीच्या सुमारास वेचणीला येतो, पळस होळीच्या आगेमागे फुलतो.

रूळ आणि वायरिंग तपासून झाल्यावरच जमिनीला हात घालावा. प्लायवुडच्या पाट्यावर थर्मोकोलचे थर कापून उतार द्यावेत, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ लेप द्यावा. वरून खरी काळी माती वापरता येते. ती वाळवून, कुटून, तलम कापडातून चाळावी आणि मग तिच्यातून चुंबक फिरवावे. बेसाल्टपासून बनलेल्या या मातीत लोहकण असतात. ते काढले नाहीत, तर इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटून बसतात. माती पसरल्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा आणि निम्म्याला निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावा. त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकला की मिश्रण न साठता आत मुरते.

रस्त्यात बहुतेकांची चूक रुंदीत आणि रंगात होते. एकेरी डांबरी रस्ता ३.७५ मीटर रुंद असतो, म्हणजे प्रतिकृतीत ४३ मिलिमीटर. ७ मीटरचा दुहेरी रस्ता ८० मिलिमीटर. अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्यासाठी उत्तम. पाणी वाहून जावे म्हणून खरा रस्ता मध्ये किंचित उंच असतो. पट्टीखाली मधोमध कार्डाची चिंचोळी फीत चिकटवली की तो उंचवटा येतो. उन्हाने डांबर फिकटते, म्हणून रंग काळा नको, राखाडी हवा. कडा सरळ कापू नयेत. त्या खाऊन गेलेल्या दाखवून शेजारी मुरमाची तांबूस साइडपट्टी करावी. राज्य महामार्ग असेल तर किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा रंगवावा. फाटकाजवळ डांबर रुळांच्या माथ्याच्या किंचित खाली ठेवावे, नाहीतर चाके अडतात.

शेतात कापसाच्या ओळी साधारण १० ते १४ मिलिमीटर अंतराने, झाडे सुमारे १२ मिलिमीटर उंच. हिरव्या रंगवलेल्या भुशावर पांढऱ्या रंगाचे सुटे ठिपके दिले की बोंडे दिसतात. मध्ये तुरीची ओळ हवीच. बांधावर बाभूळ, उतारावर साग. रुळांमध्ये दगडी खडी कमी आणि माती-गवत जास्त ठेवावे, कारण या मार्गावर गवतच माजलेले असे.

शेवटी पातळ केलेल्या मातकट रंगाचा एक हात रस्ता, रूळ, पाने, छपरे अशा सगळ्यांवरून फिरवावा. वेगवेगळ्या दिवशी केलेले भाग त्या एका धुळीने एकत्र येतात आणि मांडणी पुरी होते.