गिरणीतला गहू

सिलिअ‍ॅकचं निदान झालं तेव्हा मी म्हणलं, आपण लातूरचे, आपल्याला कसलं टेन्शन? चपाती बंद, एवढंच ना! ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा. आजोबा आयुष्यभर हेच खात आले.

सिलिअ‍ॅक म्हणजे अ‍ॅलर्जी नाही बरं का. गव्हातल्या नि जवातल्या ग्लूटेनमुळं आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. माझं हिमोग्लोबिन कित्येक वर्षं 9 च्या वर जात नव्हतं, ते ह्याच्यामुळं. उपाय एकच, ग्लूटेन कायमचं बंद. (तुम्हाला शंका असेल तर टेस्टच्या आधी गहू सोडू नका, रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो.)

सहा महिने भाकरी खाऊन टीटीजीची रक्तचाचणी परत केली. आकडा जेमतेम हलला. डॉक्टरांनी विचारलं, "पीठ कुठून आणता?"

गिरणीतून! तिथं आपल्या आधी कुणाचा तरी गव्हाचा डबा असतो. तो दळून झाला तरी दगडांच्या फटीत पीठ राहतंच, अन् ते आपल्या ज्वारीत उतरतं. मी हिशोब मांडला, कामाची सवय. 'ग्लूटेन-फ्री' लिहायला एफएसएसएआयची मर्यादा आहे किलोमागं 20 मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाचं नुसतं 5 ग्रॅम पीठ आलं आणि त्यात ग्लूटेन 10 टक्के धरलं, तर होतात 500 मिलिग्रॅम. म्हणजे 25 पट!

आई म्हणाली, "चमचाभरानं काय होतंय?" मी कागदावर गणित दाखवलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी घरघंटीचे भाव विचारून आली. आता तिच्यात गहू पडत नाही. परात, तवा वेगळा. डबीतलं हिंगही बदललं, त्यात मैदा निघाला. धपाट्यात आई मूठभर कणीक घालायची, तीही गेली.

घरात जमतं हो. अवघड जातं ते बाहेर. नांदेडला ताईकडं गेलो की हुजूर साहिबला जाणं होतंच. कडाह प्रसाद गव्हाच्या पिठाचा. पहिल्यांदा ओंजळ पुढं न करता उभा राहिलो, अन् मान वर करवेना. आता घेतो, कपाळाला लावतो, ताईच्या हातावर ठेवतो आणि हात धुवायला जातो.