मृदंगाला सूर कुठून येतो?

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या खेपेला बोलणं संपल्यावर नववीतला एक मुलगा माझ्यापाशी थांबला. त्याच्या घरी हलगी आहे, वडील आणि चुलते लग्नात, जत्रेत वाजवतात. तो म्हणाला, "सर, भजनातली माणसं म्हणतात की मृदंग सुरात लागतो, हलगीला सूरच नसतो. मग आमची हलगी बेसूर हाय का?" मी "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून सुटका करून घेतली. तो आज दुसऱ्या रांगेत बसलाय, त्यामुळे आता सुटका नाही.

आधी हा कासरा बघा. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलंय, दुसरं माझ्या हातात आहे. सावकाश हलवतो. सगळा कासरा एकच पोट धरून वरखाली होतोय. आता दुप्पट वेगाने. दोन पोटं झाली, आणि मधोमध एक जागा अशी की ती हलतच नाही. तिप्पट केलं की तीन पोटं, दोन थांबलेल्या जागा. आणि दीडपट केलं तर? नुसता गोंधळ, काही टिकत नाही. असं का? माझ्या हातून निघालेली लाट गजापर्यंत जाते, उलटी होऊन परत येते आणि पुढच्या लाटेला भेटते. दोघींचा मेळ बसला तर आकार जागच्या जागी उभा राहतो, नाहीतर त्या एकमेकींना मोडतात. पुस्तकात याला स्थिर तरंग म्हणतात. लाट स्थिर नसते बरं का, ती धावतच असते. स्थिर दिसतो तो आकार.

तंबोऱ्याची तार हेच करते, फक्त ती सगळे आकार एकाच वेळी करते. अख्खी तार सेकंदाला 100 वेळा हलत असेल, तर तिचे दोन भाग 200 वेळा, तीन भाग 300 वेळा, असं ते चढत जातं. आता हे आकडे सुरात वाचा. 100 हा सा. 200 म्हणजे वरचा सा. 300 म्हणजे त्याच्या वरचा पंचम. 400 पुन्हा सा. 500 म्हणजे गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार कुणी लावत नाही, तरी चांगला जुळलेला तंबोरा छेडला की गंधार ऐकू येतो. तो हा पाचवा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवावं, दाबायचं नाही, आणि छेडून लगेच उचलावं. मूळ सूर गायब होतो आणि वरचा सा एकटा उभा राहतो. कारण मध्यावर थांबलेली जागा असणारे आकारच तेवढे वाचतात.

हवेचंही असंच असतं. टँकर आल्यावर घागर पाण्याखाली धरली की न बघताही कळतं, भरत आली. पाणी वर येतं तशी आतली हवेची जागा कमी होते आणि आवाज चढत जातो. आपल्या जिल्ह्यात हा प्रयोग न केलेला माणूस सापडायचा नाही.

पण तार आणि हवा हा सोपा भाग झाला. अवघड आहे ते कातडं.

तार एका रेषेत हलते. कातडं चारी बाजूंना पसरलेलं असतं. त्याच्या थांबलेल्या जागा ठिपक्यांच्या नसतात, रेघांच्या असतात. काही रेघा मधून आरपार जातात, काही गोल फिरतात. आणि इथे गणित आपल्याला साथ देत नाही. सगळीकडे सारख्या जाडीचं, गोल चौकटीवर ताणलेलं कातडं घ्या. त्याचा पहिला सूर 100 धरला तर पुढचे 200, 300 येत नाहीत. येतात 159, 214, 230, 265. पुन्हा सुरात वाचा. 159 म्हणजे कोमल धैवताच्या आसपास, 214 वरच्या कोमल रिषभाच्या आसपास, आणि 230 रिषभाच्या वर, कोमल गंधाराच्या खाली, कुठेतरी अधेमधे. हे सगळे एकदम वाजले तर कानाने सा कुणाला म्हणायचं? कानाला पाया सापडत नाही. "सूर नाही" असं आपण म्हणतो ते यालाच.

आता कुणी म्हणेल, हलगी शेकोटीवर तापवतात तेव्हा आवाज सुधारतो की. हो, कातडं सुकतं, ताण वाढतो, आवाज चढतो, टणत्कार येतो. पण ताणाने सगळे सूर सारख्याच पटीत चढतात. 100 चे 130 झाले तर 159 चे साधारण 207 होतील. आपसातलं नातं तेच राहतं. ताण कितीही दिला तरी साध्या कातड्यातून पंचम निघायचा नाही.

मग मृदंगात कुठून आला? शाईतून.

शंकरबापू आपेगावकरांच्या या भागात पखवाज कसा असतो हे मी सांगायला नको, पण शाई लावताना किती जणांनी बघितलंय? पुडीवर मधोमध आधी खळीचा हात देतात. मग भाताच्या खळीत लोखंडाची पूड कालवून केलेला लगदा, थरावर थर, आणि प्रत्येक थर गोट्याने घोटायचा. घोटताना शाईला बारीक तडे जातात. नवख्याला वाटतं बिघडली. उलट त्या तड्यांमुळेच शाई कातड्याबरोबर वाकते. एकसंध कडक चकती बसवली असती तर पुडी मुकी झाली असती.

या वजनाने काय होतं? पहिल्या आकारात कातड्याचा मध्यच सगळ्यात जास्त हलतो. तिथेच वजन ठेवलंय, त्यामुळे तो सूर चांगलाच खाली येतो. दुसऱ्या आकारात मधून आरपार थांबलेली रेघ जाते, मध्य जवळजवळ हलतच नाही, म्हणून त्या सुराला वजनाचा त्रास कमी. खालचा खाली गेला, वरचा जवळपास जागेवर राहिला, की 159 चं नातं ताणून दुपटीला आणता येतं. पुढच्या सुरांचं जमवणं यापेक्षा पुष्कळ किचकट. तिथे शाईचा घेर, मध्ये जाड आणि कडेला पातळ असा तिचा उतार, शिवाय कडेची चाट, सगळं कामाला येतं. शाई थोडी जास्त झाली तरी नातं बिघडतं. कारागीर थर देतो, वाजवतो, ऐकतो, पुन्हा थर देतो. त्याच्याकडे मोजायचं यंत्र कान हेच.

हे भौतिकशास्त्राच्या भाषेत आधी सांगितलं चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. नोबेल प्रकाशाच्या कामासाठी 1930 साली मिळालं, पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1920 मध्ये, 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्याचा आपल्या चर्मवाद्यांवर छोटा लेख आला. 1934 मध्ये त्यांनी तो विषय सविस्तर मांडला. कातड्यावर बारीक वाळू पसरायची, वाजवायचं आणि वाळू कुठे गोळा होते ते बघायचं. हलत्या जागेवरची वाळू उडते, थांबलेल्या रेघांवर साठते. त्यांना दिसलं की पहिले नऊ आकार मिळून फक्त पाच सूर देतात, आणि ते पाच सूर तारेसारखे एक, दोन, तीन, चार, पाच या पटीत आहेत. साध्या कातड्यावर 214 आणि 230 असे भांडणारे दोन आकार इथे एकाच जागी, तिसऱ्या सुरावर, येऊन बसतात. मला स्वतःला हा निकाल नोबेलवाल्या कामाइतकाच देखणा वाटतो. याबद्दल भांडायला मी तयार आहे.

तबल्यावर "ना" वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते, ती याच कारणाने. तंबोऱ्याच्या तारेवर टेकवलेल्या बोटाचंच ते भावंड. ती जागा थांबते, पहिला सूर दबतो, दुसरा मोकळा होतो.

आणि मृदंगाच्या डाव्या अंगाला, धुम्याला, कीर्तनाआधी ओली कणीक थापतात. तीही वजनच. पण ती रोज नवी. आवाज हवा तेवढा खोल गेला नाही की आणखी चिमूटभर, फार गेला की नखाने खरवडून काढायची. शाई म्हणजे कायमची बसवलेली कणीक, असं म्हटलं तर कारागीर माझ्यावर रागावतील, पण तत्त्व तेच.

तर बाळा, तुझा प्रश्न. हलगीला सूर नाही असं नाही, तिला सूर फार आहेत, आणि ते एका सा भोवती गोळा होत नाहीत. मृदंगाला गाणाऱ्याच्या सा बरोबर राहायचं असतं, म्हणून त्याला शाई लागते. हलगीला मिरवणुकीच्या पुढे, उघड्या रस्त्यावर, गलक्यातून लांबवर पोचायचं असतं. पातळ कातडं, हातातली काडी आणि विखुरलेले चढे सूर तिथे कामाचे. हलगीवर शाई लावली तर ती जड होईल, तिचा टणत्कार जाईल, आणि तुझे वडील ती हातात घेणार नाहीत. "बेसूर" तेव्हा म्हणायचं जेव्हा वाद्य एखादा सूर लावायला जातं आणि चुकतं. हलगी त्या वाटेला जातच नाही.

घरी गेल्यावर हलगी आडवी धर, तिच्यावर बारीक कोरडी वाळू पसर आणि काडीने कडेजवळ हलकेच वाजव. मग एखाद्या मृदंगवाल्या बुवांना विचारून त्यांच्या पुडीवर तेच कर. आधी विचार मात्र. शाईच्या तड्यांत वाळू गेलेली त्यांना चालणार नाही, तिथे रवा वापर. दोन्हींच्या रेघा कागदावर काढून आण, पुढच्या वेळी आपण त्या फळ्यावर लावू.