कमोड घेण्याआधी टेप काढा!

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. विषय आहे कमोडचा ड्रेन. हसू नका! घरी बाथरूमचं काम काढलं असेल तर दोन मिनिटं द्याच.

आधी बेसिक. घाण पाणी खाली फरशीतून जात असेल तर एस-ट्रॅप कमोड लागतो, मागे भिंतीतून जात असेल तर पी-ट्रॅप. एस-ट्रॅपमध्ये अजून एक आकडा बघायचा: मागच्या भिंतीपासून पाइपच्या सेंटरपर्यंतचं अंतर. बाजारात ९ इंची, १२ इंची असे कमोड मिळतात. पी-ट्रॅपला फरशीपासून सेंटरची उंची मोजतात.

मी मोजलं होतं हो! बरोबर १२ इंच. पण जुन्या टाइलपासून. मग आम्ही जुन्या टाइल्स न फोडता वरूनच नव्या लावल्या आणि पाऊण इंच गेला. ऑनलाइन मागवलेला कमोड पाइपवर बसेना. प्लंबर मामा म्हणाले, "थोडा पुढं घेऊ, व्हाइट सिमेंट भरलं की झालं काम." मी इंजिनिअर माणूस, तरी मान डोलावली.

पंधरा दिवसांत वास सुरू. महिन्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, "अरे, आमच्या छताला ओल आलीये!"

असं का झालं? कमोडच्या वाकड्या भागात कायम पाणी साचलेलं असतं, तेच ड्रेनचा वास अडवतं. पण पाइपचा जोड त्या पाण्याच्या पलीकडे असतो. तिथे फट राहिली की वास थेट घरात, आणि प्रत्येक फ्लशला थोडं पाणी फरशीखाली. सिमेंट तर कडक. कमोड जरा हलला की तडा जातो.

शेवटी कमोड उचलला आणि ऑफसेट पॅन कनेक्टर लावला. म्हणजे रबरी रिंगवाला, थोडा तिरका जोड. सेंटर थोडंसं सरकलेलं असेल तर तो सांभाळून घेतो. कनेक्टर स्वस्तात आला, काकूंचं छत मात्र महागात पडलं.

म्हणून लक्षात ठेवा:

१. नवीन टाइल्स लागल्यावर, किंवा त्यांची जाडी वजा करून मोजा. कमोड त्यानंतरच घ्या.

२. काम चालू असताना पाइपचं तोंड बंद ठेवा. आत सिमेंट, डबर गेलं तर चोकअप ठरलेला.

३. फिटिंग झाल्यावर आठ-दहा वेळा फ्लश करा, बुडाशी कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर जोड परत काढायला लावा.

४. सिलिकॉन त्यानंतर भरा. मागच्या बाजूला थोडी जागा सोडा, म्हणजे पुढे कधी लीक झालं तर आधी तुम्हाला दिसेल, काकूंना नाही!

आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता रिलीज करू नका. तुमच्या बाथरूमचे किस्से नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!